भिंतीकडे तोंड करून

गिटार घ्यायला मी खर्जला बरोबर नेलं आणि नेताना त्याच्याशी खोटं बोललो. बाकी सगळं त्याच्यानंतरचं.

खोटं असं होतं. म्हटलं, आईला आवाजाचा फार त्रास होतो, म्हणून इलेक्ट्रिक आणि अ‍ॅम्प दोन्ही विकून टाकलं. आता घरी सरावापुरती एक साधी लाकडी गिटार घेऊ, स्टीलच्या तारांची. चल ना बरोबर, तुझे कान पाहिजेत.

तो म्हणाला, "सात वर्षं तुझी आई ओरडत होती तेव्हा तुला ऐकू आलं नाही. आता अचानक कान उघडले?"

"उघडले."

"मग माझे कशाला पाहिजेत?"

म्हणाला, पण आला. तो येतोच. माझ्या इलेक्ट्रिकच्या प्रत्येक तारेच्या खरेदीला तो बरोबर होता, आणि त्याच्या बेसच्या खरेदीला मी. खर्ज हे काही त्याचं खरं नाव नाही. बँडमधले खालचे जाड सूर त्याचे, म्हणून खर्ज. बोलताना मात्र त्याचा आवाज चिरका आहे. फोनवर लोक त्याला 'वहिनी' म्हणतात.

आता खरं काय होतं ते.

आमचा चौघांचा बँड होता. ड्रमर, खर्ज, मी आणि ताई. ताई गायची. ती आमच्यापेक्षा एकाच वर्षाने मोठी, पण पहिल्याच दिवशी उशिरा आला म्हणून तिने ड्रमरला असा झापला की तेव्हापासून आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. गेल्या महिन्यात ड्रमरला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि ड्रमसेटबरोबर आमचा बँडही गाडीत भरून गेला. हॉलवाल्यांनी बोलवायचं बंद केलं. ड्रमशिवाय काय वाजवणार, असं तोंडावर म्हणाले.

मग ताईला एक काम सापडलं. ती लॅबमध्ये रक्त काढते. शीर शोधताना गुणगुणायची तिला सवय आहे. एका हॉटेलचा मॅनेजर तपासणीला आला होता, त्याने हात पुढे केला, तोंड फिरवलं आणि थोड्या वेळाने विचारलं, "सुई कधी टोचणार?" ती म्हणाली, "झालं पण." हातावर कापसाचा बोळा दाबून धरत त्याने तिथेच तिला काम देऊ केलं.

आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी सात ते दहा, हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये. महिन्याचा ठरलेला पगार. अट एकच. एक गाणारी, एक गिटार. माइक नाही, वायर नाही, स्पीकरची खोकी नाहीत. वरच्या मजल्यावर लोक झोपतात, खाली जेवणाऱ्यांना गप्पा मारायच्या असतात. त्यांच्या गप्पांच्या मधून गाणं ऐकू आलं पाहिजे, एवढंच. शनिवारी चार वाजता येऊन एकदा ऐकवा. एकदाच.

एक गाणारी, एक गिटार. म्हणजे दोघं. म्हणजे खर्ज नाही.

ताईने सोमवारी मला विचारलं, "त्याला तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो."

"कधी?"

"आज."

शुक्रवार उजाडला, मी सांगितलं नव्हतं.

मला काय वाटत होतं ते लिहितो. ते काही फार छान नाही. मला ते काम हवं होतं. मी एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करतो. पुढे गिऱ्हाईक फ्रेम निवडतं, मागे मी त्या फ्रेमच्या मापाची काच मशीनवर घासतो. सकाळी नऊ ते रात्री आठ. पाच वर्षं. पाणी, काचेची पांढरी पूड, आणि पडद्यापलीकडून मालकाचा आवाज, "झालं का रे?" मंगळवारी मी मालकाला सांगूनही टाकलं की पुढच्या महिन्यापासून मी दुपारपर्यंतच येईन. मालक म्हणाला, "हरकत नाही." आणि बुधवारी त्याने दुपारनंतरसाठी आपला भाचा आणून बसवला. इतकी घाई.

म्हणजे मी एक पाय उचलून बसलो होतो. दुसरा शनिवारी चार वाजता ठेवायचा होता.

हे सगळं खर्जला सांगायला काय झालं असतं? तो चिडला असता. चार शिव्या घातल्या असत्या. मग बहुतेक बरोबर आलाच असता. पण मला ते 'बहुतेक' नको होतं. मला त्याचे कान हवे होते, त्याचं तोंड नको होतं.

गिटारचं दुकान लांबट, बोळासारखं. दोन्ही भिंतींवर गिटारी टांगलेल्या, शेवटी एक काउंटर, त्याच्यामागे दुकानवाले काका. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून काका तिथेच बसलेत. मी इलेक्ट्रिक विकली तीही त्यांनाच. ती दारात काचेत लावलेली होती. मी तिच्याकडे न बघता आत गेलो. खर्ज थांबला, काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, "काय वहिनी, बऱ्या आहात ना?"

माझ्या पैशांत तीनच गिटारी बसत होत्या. काकांनी तिन्ही काढून काउंटरवर आडव्या ठेवल्या.

पहिली काळी, चकचकीत. पोट बारीक, खांद्याला कापलेली, म्हणजे खालच्या पट्ट्यांपर्यंत हात सहज जातो. गळा पातळ. तारा पट्टीला अगदी लागून. बाजूला वायर लावायचं भोकही होतं. हातात घेतली आणि मला माझी इलेक्ट्रिकच परत मिळाल्यासारखी वाटली. बोटं आपोआप धावायला लागली.

दुसरी बघायलाही नको अशी. मोठी, पिवळट, चमक नाही, खालच्या कडेला एक ओरखडा. पोट एवढं मोठं की उजवा हात कुठे ठेवायचा कळेना. तारा उंच. दाबताना बोटांत रुतत होत्या. इलेक्ट्रिकवर मी नऊच्या जाडीच्या तारा लावायचो, केसांसारख्या. या बाराच्या. त्यात इलेक्ट्रिकची तिसरी तार उघडी असते, हिची वर दुसरी तार गुंडाळलेली. मी सवयीने ती तार ओढून सूर चढवायला गेलो, तर ती जागची हलली नाही. उलट माझं बोटच सरकलं.

"म्हैस आहे," मी म्हटलं.

"म्हैसच दूध देते," काका म्हणाले. "हिचं वरचं लाकूड अखंड आहे. बाकी दोन्ही प्लाय. ओरखड्यामुळे या भावात आहे, नाहीतर तुमच्या हातात आली नसती. आणि तारा उंच वाटत असतील तर खालची हाडाची पट्टी घासून देतो. अर्ध्या तासाचं काम."

घासणं मला कळतं. घासलेलं परत भरून येत नाही, हेही कळतं. म्हटलं, बघू.

तिसरी आठवतच नाही. होती कशीतरी.

मी तिन्ही वाजवून बघितल्या. पहिली मला आवडली, आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार, कारण खर्ज म्हणाला, "ऐकतोयस का नुसता हात फिरवतोयस?"

"ऐकतोय."

"काय ऐकतोयस? अरे, सात वर्षं तुझा आवाज तुझ्या मागच्या खोक्यातून यायचा. या लाकडाचा आवाज पुढे जातो. वाजवणाऱ्याला तो धड कळत नाही. समोरच्याला कळतो." त्याने माझ्या हातातली गिटार काढून घेतली. "जा. तिकडे दाराजवळ जाऊन उभा राहा. भिंतीकडे तोंड कर. मी तिन्ही वाजवतो, कुठली ते सांगणार नाही. तू फक्त नंबर सांग."

मी दाराजवळ गेलो आणि शाळेत शिक्षा केल्यासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर किमतींची जुनी यादी चिकटवलेली होती. ती वाचत ऐकत होतो.

त्याने एकच चाल वाजवली. आमचीच एक, सुरुवातीची. पहिल्या खेपेला ती चाल गोड वाजली, पण लांबून, जशी शेजारच्या घरात कुणी वाजवतंय. दुसऱ्या खेपेला ती माझ्या पाठीवर येऊन आदळली. खोटं सांगत नाही, मानेवरचे केस उभे राहिले. खालचा सूर पोटात लागला. बाहेर रस्त्यावरून एक गाडी हॉर्न देत गेली, तरी त्या हॉर्नच्या खालून चाल ऐकू येत होती. तिसऱ्या खेपेला डबा वाजला.

"दोन," मी भिंतीला म्हटलं.

"दोन," खर्ज म्हणाला. "मला माहीत होतं. मोठ्या खोलीत हीच पोचेल."

मी वळलो नाही लगेच.

मोठ्या खोलीत. मी तर म्हटलं होतं, घरी सरावाला. माझ्या घरात दोन खोल्या आहेत, मोठी म्हणावी अशी एकही नाही. हे खर्जला माहीत आहे, तो तिथे झोपलाय, जेवलाय, आईच्या शिव्या खाल्ल्यात.

म्हणजे त्याला कळलं होतं.

त्या यादीसमोर उभा राहून माझ्या डोक्यात जे काही झालं ते अर्ध्या मिनिटाचं असेल. पण त्यातच सगळं झालं. आधी वाटलं, आता सांगून टाकावं. मग त्याच्या पाठोपाठ आलं ते हे. याला कळलंय की आपण याला काढलं. तरी हा हसत आलाय. तरी हा माझ्यासाठी गिटार निवडतोय. कशाला निवडेल? मी असतो तर निवडली असती?

नसती.

मी असतो तर काय केलं असतं? मी असतो तर त्याच्या गळ्यात ती म्हैस बांधली असती, जी दाबताना बोटं सोलतील, जिच्यावर एका दिवसात हात बसणार नाही, आणि शनिवारी तो तोंडावर आपटला असता. आणि ते कसं केलं असतं? सोपं आहे. समोरचा भिंतीकडे तोंड करून उभा आहे. एक हळू वाजवायची. एक जोरात.

वळलो तेव्हा दोन नंबर त्याच्या मांडीवर होती. ती पिवळी, मोठी. अर्थातच.

"काय रे?" तो म्हणाला. "भूत बघितलंस का?"

"मी काळी घेतो."

"काळी एक नंबर होती."

"मला माहितीये."

"तू आत्ता स्वतःच्या तोंडाने दोन म्हणालास."

"हात बसत नाही तिच्यावर. मला आधी हात बसायला पाहिजे."

"हात बसतो रे. आठ दिवसांत बसतो. काका पट्टी घासून देतायत ना. आवाज आठ दिवसांत येत नाही."

"घरीच तर वाजवायची आहे," मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं. मुद्दाम. बघू काय म्हणतो.

तो गिटारच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवत बसला. मग म्हणाला, "तुझे पैसे, तुझी बोटं."

तेव्हा मला वाटलं, बघ, पकडला.

काकांनी काळी गिटार पिशवीत भरली. पावती करताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खर्जकडे, आणि दोन नंबर परत भिंतीवर टांगली. बसस्टॉपपर्यंत पिशवी खर्जनेच उचलली. बस आल्यावर ती माझ्या खांद्यावर अडकवत म्हणाला, "निदान जाड तारा लावून घे. या फार बारीक आहेत, जोरात वाजवलीस तर खरखरेल."

"बघू," मी म्हटलं.

"उद्या काय करतोयस?"

"उद्या? काही नाही. दुकान."

"बरं," तो म्हणाला.

बसमध्ये मला जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि मला चक्क आनंद झाला होता. मी हुशारी केली होती.

शनिवारी दुकानातून तीनला निघालो. जेवणाचा हॉल मला वाटला होता त्याच्या दुप्पट होता. खाली गालिचा नाही, नुसती फरशी. वीस-पंचवीस टेबलं, पोरं त्यांच्यावर कापड अंथरत होती, काटे-चमचे मोजून ठेवत होती. टोकाला स्वयंपाकघराचं दार, ते सारखं उघडायचं, मिटायचं, आणि उघडलं की आतली भांडी ऐकू यायची. वर पंखे.

ताई लॅबमधून तशीच आली होती, पिशवीतून पांढऱ्या कोटाची बाही लोंबत होती. मी गिटार काढली. तिने बघितली.

"ही?"

"का?"

"काही नाही," ती म्हणाली. "चल."

मॅनेजर हसरा माणूस. हातावर ताईने टोचलेल्या जागी अजून निळं होतं, ते त्याने कौतुकाने आम्हाला दाखवलं. मग म्हणाला, "तुम्ही इथे बसा, खिडकीपाशी. मी तिकडे शेवटच्या टेबलावर बसतो. तिथे बसणाऱ्यानेही पैसे दिलेले असतात."

तो गेला, बसला, हात वर केला. मी सुरू केलं.

माझ्या कानाला छान वाजत होती. शपथ. काळी गिटार माझ्या छातीशी गोड बोलत होती, बोटं पळत होती, एक सूर चुकला नाही. सुरुवातीचा तुकडा वाजवून झाला. ताई श्वास घेऊन तयार होती.

शेवटच्या टेबलावरून मॅनेजरने हात वर केला. "हं, करा सुरू!"

मी वाजवतच होतो.

एका वाढणाऱ्या पोराने मान खाली घातली. हसू दाबत असणार. ताईने माझ्याकडे बघितलं नाही, सरळ गायला लागली. ताईचा आवाज पोचत होता. पोचतोच. मी जोर लावला. जोर लावल्याबरोबर तारा पट्टीवर आपटून खरखरायला लागल्या, कागदाच्या पुडीत अडकलेल्या माशीसारख्या. कमी केला तर काहीच नाही. जास्त केला तर माशी. मी पूर्ण गाणंभर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी जागा शोधत होतो, आणि अशी जागा त्या गिटारीत नव्हतीच. एक ओळ तर ताई एकटीच गायली. मी हात थांबवून बघितला. काही फरक पडला नाही.

मॅनेजर उठून आला. चेहऱ्यावर तेच हसू.

"हिच्यात वायर लावायची सोय आहे," मी म्हटलं. "एक छोटा स्पीकर ठेवला तर..."

"अहो, वायर नको म्हणून तर तुम्हाला बोलावलं." तो ताईकडे वळला. "बाई, तुमचं गाणं फारच छान. पण नुसत्या आवाजाचं मी काय करू? लोकांना वाटेल जेवताना कुणी आठवणीने रडतंय."

"दुसरी गिटार आणतो," मी म्हटलं. "उद्या."

"नको, राहू दे. मालक तसेही म्हणतच होते, भिंतीत छोटे स्पीकर बसवून टाका, वाजत राहील काहीतरी. मीच म्हटलं होतं, माणसं बघू." तो खरंच दिलगीर दिसत होता. "सरबत घेऊन जा हं."

आम्ही सरबत घेतलं नाही.

बाहेर हॉटेलच्या मागच्या बाजूला, जिथे सामानाचे टेम्पो उभे राहतात, तिथे ताई थांबली. तिने कोटाची बाही पिशवीत कोंबली. पुन्हा बाहेर आली. पुन्हा कोंबली.

"दोन नंबर का नाही घेतलीस?"

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"तुला काय माहीत दोन नंबर?"

"मला खर्जचा मेसेज आला होता. काल, दुकानातूनच. 'दोन नंबर. पाठीवर आदळते. काम झालं.' मला वाटलं, घेतलीत."

"त्याला कुणी सांगितलं?"

"मी." ती अजिबात ओशाळली नाही. "बुधवारी. तू सांगणार नव्हतास, मला दिसत होतं. तीन दिवस त्याच्याशी बोलताना माझी जीभ अडखळायला लागली होती. सांगून टाकलं."

"मग? काय म्हणाला?"

"खूप शिव्या दिल्या. तुला. मला पण. मग म्हणाला, त्याला सांगू नको मला कळलंय म्हणून. आधी त्याला नीट गिटार घेऊ दे. एकदा डोकं बिघडलं की तो काहीही उचलून आणेल. शनिवार होऊ दे, मग मी त्याच्याशी भांडतो."

एक टेम्पो मागे मागे येत होता, पीं पीं करत. आम्ही बाजूला झालो.

"तो म्हणाला तसंच झालं," ताई म्हणाली. "काहीही उचलून आणलंस."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मी सांगितलं. सगळं. भिंत, मोठी खोली, एक हळू एक जोरात. सांगताना मलाच ते वेड्यासारखं वाटायला लागलं, पण तोपर्यंत निम्मं सांगून झालं होतं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त ऐकलं. मग म्हणाली, "त्याला हे सुचलं पण नसतं रे." आणि थोडं थांबून, "पहिल्यांदाच कुणीतरी मला महिन्याला पगार देऊन गायला बोलवत होतं."

मग ती गेली. बसस्टॉप दोघांचा एकच होता, पण ती चालत गेली.

आता कुणी म्हणेल, इथे संपलं. माझं नाही संपलं. मी किती हलका माणूस आहे बघा. रविवारभर माझ्या डोक्यात हेच, की ताईला काय माहीत. मेसेज काय कुणीही पाठवेल. जोरात वाजवलीच असेल त्याने. मला तसं व्हायला हवं होतं. त्याने जोरात वाजवली असती, तर मी मूर्ख नव्हतो.

सोमवारी दुपारी गिटार घेऊन काकांकडे गेलो. म्हटलं, बदलून द्या, दोन नंबर द्या.

काकांनी काळी उलटी केली. पाठीवर बोटभर चरे. कमरेच्या पट्ट्याच्या बकलचे. इलेक्ट्रिकला आपण पुढेमागे बघत नाही, पोटाशी घासत वाजवतो. एका शनिवारात मी तिची पाठ सोलून ठेवली होती.

"आता ही जुनी झाली बाळ," काका म्हणाले. "जुन्याचा भाव देईन. त्यात दोन नंबर बसायची नाही."

"बरं. मग नुसती वाजवून दाखवा. दोन्ही. मी तिकडे उभा राहतो."

काकांनी भिंतीवरून दोन नंबर उतरवली. मी दाराजवळ गेलो, त्या यादीसमोर. माझी इलेक्ट्रिक काचेतून विकली गेली होती, तिच्या जागी दुसरी कुठलीतरी होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

काकांचा हात म्हाताऱ्या माणसाचा, मऊ. त्या हाताने वाजवलेली पहिली मला दारापर्यंत नीट ऐकूही आली नाही. दुसरी, त्याच मऊ हाताने, आली आणि पाठीला लागली. शुक्रवारसारखीच.

"पुन्हा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा वाजवली. मग मागून त्यांचा आवाज आला, "त्या दिवशी तुझ्या दोस्तानेही हेच केलं की. मी बघत होतो ना समोरून. काय सरळ हात आहे पोराचा. तिन्हींवर एक केस इकडचा तिकडे नाही. कुठल्या गिटारीला झुकतं माप नाही. मी चाळीस वर्षं गिटारी विकतोय, मला नाही जमत, मी महागातली जरा जोरात वाजवतोच." ते स्वतःशीच हसले. "वळ आता. भिंतीत काय आहे?"

वळलो. दुकानात दुपारनंतर माझ्या जागी मालकाचा भाचा बसलेलाच होता, त्यामुळे घाई कशाचीच नव्हती.

घरी आलो, पलंगावर बसलो आणि खर्जला फोन लावला. मला वाटलं होतं उचलणार नाही. दुसऱ्या रिंगला उचलला.

"बोल," तो म्हणाला. चिरका आवाज, नेहमीसारखा.

मी बोलायला तोंड उघडलं. तो थांबला. मग बहुतेक मला मदत म्हणूनच त्याने विचारलं, "गिटार कशी आहे?"

"बरी आहे."

"वाजवलीस कुठे?"

आता सांगायचं होतं. इथेच. त्याने दार उघडून धरलं होतं. त्याला शनिवारचं सगळं माहीत असणार, ताईने सांगितलं असणार, भिंतीचंही सांगितलं असणार. त्याला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग तो शिव्या घालणार होता. मग भांडणार होता, कबूल केल्याप्रमाणे. मी त्या भांडणाची वाट बघत होतो, खरंच. पण ते सुरू करायला मला आधी म्हणावं लागलं असतं, की मला वाटलं तू माझ्यासारखा आहेस.

"घरीच," मी म्हटलं. "सरावाला. सांगितलं होतं ना."

तिकडे फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतल्याचा आवाज आला.

"आईला त्रास नाही ना होत आवाजाचा?"

"नाही. पलीकडच्या खोलीत ऐकूच जात नाही."

"मग झालं," तो म्हणाला.

आणि भांडला नाही. अजूनही भांडलेला नाही. परवा रस्त्यात दिसला, तर हात वर करून हसला, आणि रस्ता ओलांडून तिकडच्या बाजूने गेला.